पेटी आंब्याची, चिंता बागेची

ताज्या फळांच्या आणि भाज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला दोन वेगवेगळ्या प्रकारचे नियम लागू असतात आणि बातम्यांमध्ये ते बहुधा एकमेकांत मिसळून जातात. पहिल्या प्रकारचे नियम खाणाऱ्या माणसाच्या आरोग्याचे असतात. फळावर कीटकनाशकाचा अंश किती उरला आहे, ते पिकवण्यासाठी काय वापरले, त्यात अपायकारक जिवाणू आहेत काय, हे त्यांत पाहिले जाते. दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा खाणाऱ्याशी काही संबंध नसतो. त्यांना काळजी असते ती आयात करणाऱ्या देशातील झाडांची, शेतांची आणि रानांची. त्यामुळे एखादा हापूस चवीला उत्तम, औषधाच्या अंशापासून मुक्त आणि खाण्यास पूर्ण निर्धोक असूनही परदेशी विमानतळावर अडवला जाऊ शकतो, कारण त्याच्या गरात फळमाशीची एखादी अळी सापडलेली असते. ती अळी चुकून कोणाच्या पोटात गेली तरी फारसे बिघडत नाही; पण किडके म्हणून टाकून दिलेल्या फळाबरोबर ती उकिरड्यावर आणि तिथून मातीत पोहोचली, तर पुढे काय होईल, या प्रश्नातून वनस्पती-आरोग्याचे सगळे नियम निघाले आहेत.

हा प्रश्न किती खरा आहे, हे फळमाशीच्या जीवनक्रमाकडे जवळून पाहिल्यावर कळते. आंब्यावर येणारी प्रमुख फळमाशी, जिचे शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस असे आहे, ती साधारण घरमाशीएवढी असते आणि मादीच्या पोटाच्या टोकाशी सुईसारखा अणकुचीदार अवयव असतो. फळ पक्वतेला आले की मादी त्या अवयवाने साल टोचून आत अंडी घालते आणि बाहेर राहतो तो टाचणीच्या टोकाएवढा डंख, जो काढणीच्या घाईत अनुभवी डोळ्यालाही सहज चुकवतो. एक-दोन दिवसांत अंड्यांतून पांढुरक्या, बिनपायांच्या अळ्या निघतात, आठवडाभर गर खाऊन त्या फळ आतून सडवतात, मग फळातून बाहेर पडून जमिनीत काही सेंटिमीटर खोल शिरतात, तिथे कोष करतात आणि हवामान अनुकूल असेल तर सुमारे दहा दिवसांत त्या कोषांतून नव्या माश्या बाहेर येतात. देवगड किंवा रत्नागिरीच्या बागेत काढलेला आंबा दोन-तीन दिवसांत विमानाने लंडनला पोहोचत असेल, तर बागेत घातलेले अंडे त्या प्रवासात जेमतेम उबलेले असते; म्हणजे वेगवान वाहतूक फळाला ताजे ठेवते, तशीच ती किडीलाही जिवंत ठेवते. जुन्या काळी गलबताच्या लांबलचक प्रवासात फळ आणि कीड दोन्ही मरत, त्यामुळे समुद्र हाच मोठा पहारेकरी होता; विमानांनी आणि शीतपेट्यांनी तो पहारा उठवला आहे.

याच माशीने आफ्रिकेत जे केले ते या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. आशियातील ही माशी २००३ मध्ये केनियात प्रथम आढळली आणि नंतरच्या थोड्याच वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत पसरली. तिला तिथे वेसण घालणारे नैसर्गिक शत्रू नव्हते आणि यजमान झाडे मात्र भरपूर होती. तिथल्या आंबा उत्पादकांना घरची नासाडी सोसावी लागलीच, शिवाय परदेशी बाजारांची दारेही त्यांच्यासाठी अरुंद झाली. अशी कीड एकदा मातीत रुजली की तिला पूर्णपणे उखडून काढणे क्वचितच जमते, आणि म्हणूनच या क्षेत्रात उपचारापेक्षा अटकाव स्वस्त पडतो.

या अटकावाला आंतरराष्ट्रीय कराराचे रूप आले ते द्राक्षांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या, मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि त्या धक्क्यातून १८७८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काही युरोपीय देशांनी एकत्र येऊन वेलींच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा करार केला. भारतात ब्रिटिश राजवटीने १९१४ मध्ये विध्वंसक कीटक व कीड कायदा केला, जो आजही या विषयातील पायाभूत कायदा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला आणि त्यानुसार प्रत्येक सदस्य देशाने आपली एक अधिकृत वनस्पती संरक्षण संस्था नेमली. भारतात हे काम फरिदाबाद येथील वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे. संगरोध म्हणजे क्वारंटाईन, बाहेरून आलेली वस्तू तिच्यापासून धोका नाही अशी खात्री होईपर्यंत रोखून धरणे. करोनाच्या साथीने हा शब्द घरोघरी पोहोचवला, पण कृषी खात्यात तो त्याआधी कितीतरी वर्षे रुळलेला होता.

किडीचे भय खरे असले तरी त्याचे निमित्त करून परदेशी माल अडवण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो. त्यासाठी जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर, १ जानेवारी १९९५ पासून, स्वच्छता व वनस्पती-स्वच्छता उपायांविषयीचा करार लागू झाला; त्याचे तत्त्व असे की आपल्या झाडांचे रक्षण करण्याचा प्रत्येक देशाला अधिकार आहे, परंतु त्यासाठी घातलेल्या अटीला शास्त्रीय आधार हवा आणि ती गरजेपेक्षा अधिक जाचक नसावी. ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडच्या सफरचंदांवर १९२१ मध्ये बंदी घातली, कारण न्यूझीलंडच्या बागांत फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य करपा आला होता. ही बंदी पिढ्यान्‌पिढ्या राहिली, पुढे ती कडक अटींवर सैल करण्यात आली, त्या अटींविरुद्ध न्यूझीलंडने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि अखेर २०१० मध्ये निकाल ऑस्ट्रेलियाच्या विरोधात गेला. पिकलेल्या, निर्यातीसाठी स्वच्छ केलेल्या सफरचंदातून हा रोग पसरतो असे पुरेशा शास्त्रीय पुराव्याने दाखवता आले नव्हते. शेजारधर्म पाळणाऱ्या दोन देशांना हा वाद मिटवायला सुमारे नव्वद वर्षे लागली, यावरून आंब्यासारख्या फळाला नवी बाजारपेठ मिळवताना होणाऱ्या विलंबाचा अंदाज यावा.

व्यवहारात या सगळ्या व्यवस्थेचा भार एका कागदावर असतो. त्याला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, म्हणतात. निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने माल तपासला आहे, आयात करणाऱ्या देशाने ज्या किडींची नावे दिली आहेत त्यांपासून तो मुक्त आहे आणि ठरवून दिलेली प्रक्रिया त्यावर झाली आहे, अशी ती एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली लेखी हमी असते. खाजगी व्यापाऱ्याच्या शब्दाला इथे किंमत नाही. प्रमाणपत्र चुकले तर एका पेढीची नव्हे, साऱ्या देशाची पत जाते. ही गोष्ट निर्यातदारांपैकी सर्वांच्याच गळी अजून उतरलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आंब्याच्या बाबतीत तीन बाजारांनी तीन वेगळे मार्ग निवडले. जपानने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा १९८६ पासून दूर ठेवला आणि २००६ मध्ये उष्णबाष्प प्रक्रियेच्या अटीवर त्याला प्रवेश दिला. या प्रक्रियेत बंद कक्षात गरम, दमट हवा खेळवून फळाच्या गराचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि २० मिनिटे तेवढेच राखतात. युरोपसाठी दुसरा मार्ग रूढ झाला, तो उष्णजल प्रक्रियेचा: ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळे एक तास बुडवून ठेवायची. या आकड्यांमधला एखादा अंशही महत्त्वाचा असतो, कारण अळी मरण्याचे तापमान आणि हापूसचा गर शिजून बिघडण्याचे तापमान यांत अंतर फार थोडे आहे. पाणी थोडे गार राहिले तर कीड वाचते आणि थोडे अधिक तापले तर फळाचा रंग, घट्टपणा आणि वास यांवर परिणाम होतो.

अमेरिकेची अडचण आणखी खोल, अक्षरशः कोयीपर्यंत जाणारी आहे. आंब्याच्या कोयीत सोंडेसारखे तोंड असलेला एक भुंगा वाढतो. त्याची मादी कोवळ्या फळावर अंडी घालते, अळी गरातून कोयीत शिरते, तिने केलेली वाट फळ वाढताना बुजून जाते आणि पिकलेल्या आंब्यावर बाहेरून कसलीच खूण राहत नाही. गरम पाण्याची आच कोयीतल्या या किड्याचा बंदोबस्त करू शकत नाही. म्हणून अमेरिकेने विकिरण प्रक्रियेची अट घातली. कोबाल्ट-६० या समस्थानिकातून निघणारे गॅमा किरण फळावर सोडून त्याला किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यायची, ग्रे हे किरणांतून शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे माप. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेले ‘कृषक’ हे केंद्र मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत यासाठी होते. त्याच केंद्रात २००७ मध्ये आंब्यावर विकिरण झाले आणि दीर्घ बंदीनंतर भारतीय आंबा अमेरिकेत पोहोचला. कोकणातला हापूस घाट चढून कांद्याच्या बाजारगावी जायचा आणि तिथून मुंबईच्या विमानतळाकडे परतायचा, असा तो उलटासुलटा प्रवास होता. पुढे वाशी येथे विकिरण केंद्र झाल्यावर तो फेरा चुकला. या प्रक्रियेने फळ किरणोत्सारी होत नाही, ही गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण त्याविषयीची भीती अजूनही कानावर येते.

विकिरणाचा एक विशेष असा की त्यामुळे कीड जागच्या जागी मरेलच असे नाही. तिची पुढची वाढ आणि प्रजनन मात्र खुंटते. म्हणजे अमेरिकेतील तपासनिसाला फळात जिवंत अळी दिसली तरी ती निरुपद्रवी असू शकते आणि ते ओळखण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रक्रियेची नोंद. इथे कागद फळाइतकाच महत्त्वाचा ठरतो. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्यांच्या सुमारे पंधरा खेपा अमेरिकी विमानतळांवर अडकल्या, त्या प्रक्रियेच्या कागदपत्रांतील त्रुटीच्या कारणावरून. नाशवंत फळ परत आणण्याचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, म्हणून निर्यातदारांना ते तिथेच नष्ट करणे भाग पडले. वर्षभर राखलेल्या बागेचे फळ अशा रीतीने वाया जाणे क्लेशकारक आहे, परंतु तपासनिसाच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता हेही मान्य करावे लागते.

महाराष्ट्राच्या स्मरणात सर्वांत ठसलेला प्रसंग मात्र २०१४ चा. युरोपीय संघाने त्या वर्षी १ मेपासून, म्हणजे ऐन हंगामात, भारतातील आंबा, कारली, वांगी, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली, कारण आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. त्या वेळी हा कोकणावर अन्याय असल्याची भावना प्रबळ होती आणि बागायतदाराच्या जागेवरून ती स्वाभाविकही होती. पण २०७ ही संख्या एखाद्या अपघाताची नसते. इशारे आधीपासून येत होते. बागेतील नियंत्रण, बांधणीगृहातील निवड आणि प्रमाणपत्र देण्यापूर्वीची तपासणी या तिन्ही ठिकाणी ढिलाई असल्याखेरीज एवढ्या खेपा पलीकडे पोहोचत नाहीत. बंदीनंतर आंबा आणि भाज्या मान्यताप्राप्त बांधणीगृहांतूनच पाठवण्याची सक्ती झाली, उष्ण प्रक्रिया काटेकोर झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये, मूळ मुदतीच्या बरेच आधी, आंब्यावरची बंदी उठली. भाज्यांना आणखी वाट पाहावी लागली. कोणत्याही घोषणेपेक्षा या आठ-नऊ महिन्यांनी निर्यातीची शिस्त अधिक शिकवली, असे म्हणणे वावगे होणार नाही.

या शिस्तीची सुरुवात विमानतळावर होत नाही, ती झाडाखाली होते. गळलेली, किडकी फळे बागेत तशीच पडू दिली तर प्रत्येक फळ म्हणजे फळमाशीचे पाळणाघरच होते. ती रोज वेचून खोल पुरणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा उपाय आहे. त्याच्या जोडीला सापळे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागायतदारांना परिचित आहे. त्यात मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याकडे नर माश्या ओढल्या जातात आणि मरतात, त्यामुळे माद्यांचे मीलन टळते आणि पुढची पिढी घटते. निर्यातीसाठी नोंदणी झालेल्या बागेचा क्रमांक आंब्याच्या पेटीसोबत परदेशी जातो आणि पेटीत कीड सापडली तर माग थेट त्या बागेपर्यंत काढता येतो, यालाच मागोवा-व्यवस्था म्हणतात.

आतापर्यंत भारत निर्यातदार म्हणून या नियमांच्या अलीकडे उभा दिसला. आयातदार म्हणून तो पलीकडेही उभा आहे आणि त्या बाजूचा इतिहास अधिक काळजी करायला लावणारा आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि ते आयात केलेल्या धान्याबरोबर आले असे मानले जाते. आज महाराष्ट्रात त्याच्याशिवाय रस्त्याची कड सापडणे कठीण झाले आहे. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रातील पपई बागांपर्यंत आला. त्याला आवर घालण्यासाठी त्याच्यावर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी रीतसर परवानगी घेऊन पोर्तो रिको येथून आणावी लागली. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी टूटा अॅब्सोल्यूटा ही मूळची दक्षिण अमेरिकेतील नागअळी २००६ मध्ये स्पेनमध्ये आली, तिथून भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पसरली आणि २०१४ मध्ये पुणे परिसरात टोमॅटोवर सापडली. ज्या वर्षी युरोपने भारताच्या फळमाशीला दार बंद केले, त्याच वर्षी टोमॅटोची ही शत्रू भारतात शिरली होती. पहिल्या घटनेवर खूप चर्चा झाली, दुसरीवर फारशी नाही, आणि शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने पाहिले तर ही उपेक्षा महागाची आहे.

अशा घुसखोरीला रोखण्यासाठी भारतात १ जानेवारी २००४ पासून वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू आहे. त्याची पद्धत अशी की एखाद्या देशातून एखादे फळ प्रथमच आणायचे असेल, तर आधी कीड-धोका विश्लेषण होते. त्या देशात त्या फळावर कोणत्या किडी व रोग आहेत, त्यांपैकी भारतात नसलेले कोणते, ते फळाबरोबर येण्याची, इथे जगण्याची आणि नुकसान करण्याची शक्यता किती, याचा अभ्यास केला जातो. हे विश्लेषण पुरे होऊन त्या देशाचे आणि त्या फळाचे नाव आदेशाच्या अनुसूचीत येईपर्यंत आयातीला वाव नसतो. त्यानंतर आयातदाराला परवाना घ्यावा लागतो, निर्यात करणाऱ्या देशाचे प्रमाणपत्र त्यावरच्या विशेष घोषणांसह जोडावे लागते आणि ठरलेल्या बंदरावर किंवा विमानतळावर माल तपासून घ्यावा लागतो. कीड आढळली तर धुरी देणे, परत पाठवणे किंवा नष्ट करणे हे मार्ग असतात. एकाच देशातून वारंवार कीड येत राहिली तर आयातच थांबते, जशी इराणच्या किवी फळांची डिसेंबर २०२१ मध्ये इशाऱ्यांनंतर थांबवण्यात आली होती. मुंबईच्या फळबाजारात वर्षभर दिसणारी परदेशी सफरचंदे, किवी आणि पेअर या सगळ्या पायऱ्या ओलांडून आलेली असतात, निदान यावीत अशी अपेक्षा असते.

तपासणीलाही गणिताची मर्यादा असते. कंटेनरमधील प्रत्येक फळ कापून पाहणे अशक्य असल्याने नमुने घेतात; समजा दोनशे फळांमागे एक फळ किडके आहे, तर ते नमुन्यात सापडण्याची शंभरात पंचाण्णव शक्यता हवी असेल तर सुमारे ६०० फळे पाहावी लागतात. त्याहून कमी पाहिली तर किडके फळ निसटण्याची शक्यता वाढते, आणि नाशवंत माल दारात तिष्ठत असताना, व्यापारी घाई करत असताना, हाताखाली मोजकी माणसे असताना ६०० फळे डोळ्यांखालून घालणे सोपे नाही. भारताच्या बंदरांवर आणि विमानतळांवर हे काम करणाऱ्या कीटकशास्त्रज्ञांची आणि वनस्पती-रोगतज्ज्ञांची संख्या वाढवणे, त्यांना सुसज्ज प्रयोगशाळा देणे आणि मालाच्या निचऱ्यासाठी त्यांच्यावर दबाव न आणणे, ही टोमॅटो, पपई किंवा मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यासाठी केलेली सर्वांत स्वस्त गुंतवणूक ठरेल.

सामान्य कुटुंबाचा या नियमांशी संबंध येतो तो प्रवासी बॅगेमुळे. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे सोडली, तर इतर ताज्या फळभाज्यांसाठी प्रवाशालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. लेकीसाठी नेलेली अर्धा डझन हापूसची पेटी याला अपवाद नाही. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेण्यास मनाई आहे आणि तिचे कारण विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला चटकन कळेल: कढीपत्ता हे लिंबू-संत्र्याच्याच कुळातले झाड असून त्यावर सिट्रस सायला ही कीड जगते, आणि तीच ग्रीनिंग नावाचा रोग संत्र्याच्या झाडात सोडते. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये आढळला आणि पुढच्या वर्षांत तिथल्या प्रसिद्ध संत्र्यांचे उत्पादन पूर्वीच्या अगदी लहानशा हिश्श्यावर आले. फोडणीसाठी नेलेल्या मूठभर पानांकडे तिथला अधिकारी एवढ्या संशयाने पाहतो, तो या अनुभवामुळे.

परदेशी जाताना सामानात ताजे फळ, भाजी, पाने किंवा बियाणे असेल तर ते न लपवता जाहीर करावे आणि त्या देशाचा नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावा. परततानाही हेच पथ्य पाळावे: बागेत लावायला म्हणून एखादे कलम, कंद, रोप किंवा चाखायला आणलेले फळ बॅगेत दडवून आणू नये, फारच हवेसे वाटले तर परवाना काढून, विमानतळावरील संगरोध कक्षात तपासून घेऊन मगच घरी न्यावे.